शिनसेकाईत पहिल्यांदा जाताय? कुशिकात्सु, स्मार्टबॉल आणि शोगीसाठी अर्धा दिवस असा काढा

ओसाकाला जाणारे आपले बहुतेक लोक किल्ला बघतात, दोतोनबोरीला हात वर करून धावणाऱ्या माणसाच्या बोर्डाखाली फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी क्योतोला पळतात. माझं ऐका आणि त्यातली एक दुपार ओसाकातल्याच शिनसेकाई या जुन्या भागासाठी बाजूला काढा. दोतोनबोरीजवळच्या नांबा स्टेशनपासून मेट्रोने फक्त दोन स्टेशनं, पण उतरल्यावर वाटतं की आपण साठ-सत्तर वर्षं मागे आलो. हाताने रंगवलेले बोर्ड, दारावर कापडी पडदे, तळणाचा वास, आणि खिडकीपाशी पट मांडून बसलेले म्हातारे. जपानी लोक याला शोवा काळाची आठवण म्हणतात. शोवा म्हणजे १९२६ ते १९८९, म्हणजे त्यांच्या आजी-आजोबांचं आणि आई-वडिलांचं तरुणपण, त्यामुळे इथे जपानी पर्यटकसुद्धा भरपूर येतात आणि आपल्यासारखेच हरखून बघत फिरतात.

नावाचा अर्थ "नवं जग". आज जुनाट म्हणून आवडणाऱ्या या भागाचं नाव नवं जग कसं, तर १९०३ साली इथे सरकारचं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, त्या मोकळ्या झालेल्या जागेवर १९१२ मध्ये हा भाग वसवला. उत्तरेचा अर्धा पॅरिससारखा, दक्षिणेचा अर्धा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडसारखा, मध्ये लूना पार्क नावाची करमणुकीची बाग आणि त्सूतेनकाकू हा उंच मनोरा. त्या मनोऱ्यावरून बागेत जायला चक्क रोपवे होता. बाग १९२३ मध्ये बंद पडली, मनोऱ्याच्या पायथ्याशी १९४३ मध्ये आग लागली आणि मग तो उतरवून त्याचं लोखंड युद्धासाठी दिलं गेलं. आत्ता दिसतो तो १९५६ चा, इथल्याच लोकांनी पुढाकार घेऊन पुन्हा उभा केलेला, १०३ मीटर, वरचा वीजरोधक धरला तर १०८. आराखडा नाइतो ताचू यांचा, तोक्यो टॉवरही त्यांचाच, पण तो दोन वर्षांनी नंतरचा. एवढा इतिहास डोक्यात असला की तिथल्या गल्ल्यांमध्ये फिरताना जास्त मजा येते, म्हणून आधीच सांगून टाकला.

आता जायचं कसं आणि कधी. मिदोसुजी लाइन पकडा, ती लाल रंगाची, आणि दोउबुत्सुएन-माए स्टेशनला उतरा. नावाचा अर्थच "प्राणीसंग्रहालयासमोर", आणि प्लॅटफॉर्मच्या भिंतीवर टाइल्समध्ये प्राण्यांची चित्रं आहेत, घाईत बघायची राहून जातात तर जरा थांबा. एक नंबरच्या एक्झिटने वर आलात की जानजान योकोचो ही गल्ली लगेच सापडते. जेआरने, म्हणजे जपान रेल्वेच्या गाडीने, येणाऱ्यांना शिन-इमामिया सोयीचं, आणि कानसाई एअरपोर्टवरून थेट यायचं असेल तर नानकाई लाइनही शिन-इमामियालाच थांबते, त्यामुळे पोचल्याच्या दिवशी हॉटेलला बॅग टाकून इथे येता येतं. वार शक्यतो कामाचा निवडा आणि पोचा दुपारी दोनच्या आसपास. शनिवार-रविवारी प्रसिद्ध दुकानांपुढे लांब रांगा लागतात. शिवाय दुपारी आलात तर भाग दोन्ही रूपांत बघायला मिळतो, आधी उन्हातला निवांत आणि मग दिवे लागल्यावरचा. खिशात रोख येन ठेवा, १०० येनची नाणी तर मूठभर ठेवा, ती का ते पुढे येईलच.

पहिला थांबा जानजान योकोचो. योकोचो म्हणजे बोळ. साधारण १८० मीटर लांब, वर छप्पर, आणि रुंदी इतकी कमी की समोरून तिघं आले तर आपण अंग चोरायचं. पूर्वी गिऱ्हाइकांना बोलवायला इथे शामिसेन वाजवायचे, त्या तीन तारांच्या वाद्याच्या जान-जान आवाजावरून हे नाव पडलं. आत शिरल्या शिरल्या खायला बसू नका, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चालत जा. कुठे काउंटरवर जागा आहे, कुठे चित्रांचा मेनू आहे, कुठे इथलेच लोक बसलेत, हे सगळं त्या एका फेरीत कळतं आणि मग निवड चुकत नाही.

याच फेरीत शोगीचा क्लब दिसेल. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. काचेच्या खिडकीतून आतले पट दिसतात आणि बाहेर दोन-चार माणसं उभी राहून डाव बघत असतात. पूर्वी या बोळात असे क्लब बरेच होते, आता अगदी थोडे उरलेत, म्हणून हे चुकवू नका असं मी प्रत्येकाला सांगतो. आपल्या दृष्टीने तर याला आणखी एक पदर आहे. शोगी, चेस, चीनचं शियांगची, सगळ्यांचं मूळ भारतातल्या चतुरंगात मानलं जातं, म्हणजे आपल्याच घरातून गेलेला खेळ हजारो मैलांवर वेगळं रूप घेऊन भेटतो.

खिडकीत उभं राहून काहीतरी समजावं म्हणून किमान एवढं माहीत असू द्या. पट नऊ बाय नऊ, म्हणजे ८१ घरं. प्रत्येकाकडे २० सोंगट्या. काळं-पांढरं असा रंग नाही, सगळ्या सोंगट्या एकाच लाकडाच्या, पाचकोनी, पुढून निमुळत्या, आणि टोक ज्याच्याकडे वळलंय त्याच्या विरुद्ध बसलेल्या माणसाची ती सोंगटी. हत्ती आणि उंट आहेत पण एकेकच. वजीर नाही. त्याऐवजी राजाच्या दोन्ही बाजूंना सोनं आणि त्याच्या पलीकडे चांदी अशा नावाच्या सोंगट्या असतात ज्या एकेक घर सरकतात. घोडा फक्त पुढेच उडी मारतो. प्यादं सरळ चालतं आणि सरळच मारतं, तिरकं नाही. शत्रूच्या शेवटच्या तीन ओळींत शिरल्यावर बहुतेक सोंगट्या उलट्या करून त्यांची ताकद वाढवता येते. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे मारलेली सोंगटी डावातून बाद होत नाही, ती आपल्या हातात येते आणि आपल्या चालीच्या वेळी पटावर रिकाम्या जागी आपली म्हणून ठेवता येते. त्यामुळे शेवटी पट रिकामा होत जात नाही, उलट जास्तच पेटतो. चेस खेळणाऱ्या माणसाला इथे पहिल्यांदा गरगरायला होतं पण एकदा ही गोष्ट लक्षात आली की खिडकी सोडवत नाही.

बघताना बोलायचं नाही, हा नियम कडक आहे. चाल सुचवायची नाही, बोट दाखवायचं नाही, आत बसलेल्यांचे जवळून फोटो तर अजिबात काढायचे नाहीत. जपानीत एक म्हण आहे, ओकामे हाचिमोकु, म्हणजे बाजूला उभ्या माणसाला आठ चाली जास्त दिसतात. मूळ गो या खेळातली, पण इथेही तंतोतंत लागू, आणि दिसलं तरी गप्प बसणं हाच शिष्टाचार. आपल्याकडे कट्ट्यावर कॅरम चालू असताना मागून चार जण सल्ले देतात तसं इथे करू नका.

स्वतः खेळायची इच्छा असेल तर निघायच्या आधी महिनाभर मोबाइलवर सराव करा, सोंगट्यांवरच्या चिनी अक्षरांची ओळख तरी होते. मग आत जाऊन काउंटरवर "शोशिनशा देस", म्हणजे मी नवशिका आहे, असं सांगा, फी भरा आणि ते बसवतील तिथे बसा. डाव सुरू करताना मान लववून "ओनेगाइशिमास", आणि हरलात तर स्वतःच्या तोंडाने "माकेमाशिता", मी हरलो, असं म्हणायचं. शोगीत मात अगदी शेवटपर्यंत खेळत नाहीत, हरणारा आधी ओळखतो आणि तसं सांगतो. मला या खेळातली ही रीत फार आवडते. मनोऱ्याच्या पायथ्याशी शोगीच्या राजाच्या सोंगटीच्या आकाराचं एक स्मारकही आहे, साकाता सानकिची यांचं. १८७० मध्ये जवळच्याच साकाई भागात जन्मलेला, गरिबीतून आलेला, जेमतेम अक्षरओळख असलेला हा खेळाडू तोक्योच्या बड्या खेळाडूंना भिडला, आणि १९४६ मध्ये तो गेल्यावर नऊ वर्षांनी त्याला मेइजिन ही सर्वोच्च पदवी मरणोत्तर दिली गेली. ओसाकावाल्यांचा तो अतिशय लाडका.

आता भूक लागली असेल तर कुशिकात्सु. कुशि म्हणजे काडी, कात्सु म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं. बांबूच्या काडीवर मांसाचा किंवा भाजीचा एक-दोन घासांचा तुकडा, त्यावर पातळ पीठ, त्यावर अगदी बारीक चुरा, आणि कढईत. एका काडीचे साधारण १०० ते ३०० येन. हे मजुरांचं खाणं होतं, झटपट, स्वस्त, पोटभरीचं, उभ्या उभ्या खाता येणारं. इथलं सर्वांत नावाजलेलं दुकान दारुमा १९२९ पासूनचं. गिरणगावात वडापावाने जे काम केलं तेच इथे या काडीने केलं असं मला वाटतं, आणि तुलना अगदीच ओढूनताणून नाही कारण ओसाकासुद्धा कापड गिरण्यांचं शहर होतं आणि मुंबईहून कापूस आणायला १८९३ मध्ये जपानी जहाज कंपनीने टाटांच्या साथीने कोबे-मुंबई बोटसेवा सुरू केली होती.

बसायची पद्धत अशी. काउंटरची जागा मिळाली तर तीच घ्या, टेबल मागू नका, कारण तळणारा माणूस समोर असणं हीच तर गंमत आहे. आधी पाच-सहा काड्याच मागवा. मग लागतील तशा आणखी. एकदम वीस मागवल्या तर त्या गार होतात आणि गार कुशिकात्सुला काही अर्थ नाही. समोर स्टीलच्या डब्यात पातळ काळसर सॉस असतो, तो सगळ्यांचा सामायिक, आणि तिथे तो जगप्रसिद्ध नियम, "निदोझुके किनशी", दोनदा बुडवायचं नाही. काडी आली की चावण्याआधी एकदाच पूर्ण बुडवा, थेंब निथळू द्या, मग खा. उष्टी काडी परत सॉसमध्ये गेली तर सगळा डबा फेकावा लागतो, म्हणून ते इतकं ठणकावून लिहिलेलं असतं. आपल्याला उष्ट्याची कल्पना समजावून सांगावीच लागत नाही, परदेशी पाहुण्यांत आपण मराठी लोक हा नियम सगळ्यात पटकन उचलत असू. सॉस कमी पडला तर बाजूला कोबीची कच्ची पानं ठेवलेली असतात, एक कोरं पान घ्या, चमच्यासारखं सॉसात बुडवून काडीवर ओता. तोच कोबी मध्ये मध्ये खायचा, तेलकटपणा जातो. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी डब्याऐवजी बाटली आली, तिथे बुडवायचा प्रश्नच नाही, वरून ओतायचं. रिकाम्या काड्या समोरच्या नळकांड्यात टाका, काही ठिकाणी त्याच मोजून बिल होतं. टिप देत नाहीत. आणि खाऊन झालं की उठा, बाहेर लोक थांबलेले असतात.

काय मागवायचं याबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडच्या माणसाची अडचण नेमकी इथे होते. मेनूवर नुसतं "कुशिकात्सु" लिहिलंय ते बहुतेक वेळा गोमांस असतं. न खाणाऱ्यांनी "ग्यु" हा शब्द लक्षात ठेवावा, ग्यु म्हणजे गाय-बैलाचं मांस, बुता म्हणजे डुकराचं, तोरी म्हणजे कोंबडी. एबी कोळंबी, किसु हा छोटा पांढरा मासा, होताते म्हणजे मोठा शिंपला, उझुरा म्हणजे लावीची अंडी, हे सगळं छान लागतं. भाज्यांत रेनकोन नक्की घ्या, कमळाचा कंद, जाळीदार आणि कुरकुरीत. शिताके अळंबी, काबोचा म्हणजे लाल भोपळा, नासु म्हणजे वांगं, तामानेगी म्हणजे कांदा. आणि एक खास इकडची चीज म्हणजे बेनी शोगा, खारवलेल्या लाल आल्याची काप तळून देतात, तोक्योवाल्यांना याचं नवल वाटतं पण मिरचीभजी खाणाऱ्या माणसाला ही काडी पहिल्या घासात आवडेल.

शुद्ध शाकाहारी असाल तर स्पष्टच सांगतो, इथली भाजीची काडीसुद्धा तुमची नाही. तेल सगळ्याला एकच, अनेक ठिकाणी त्यात बैलाची चरबी मिसळतात, पिठात अंडं असू शकतं. "भाजी आहे ना, मग चालेल" असं म्हणून खाऊ नका आणि नंतर मनाला लावून घेऊ नका. अशांनी पोट भरून यावं आणि इथे खेळांवर आणि ज्यूसवर भर द्यावा, दिवस तरीही वाया जात नाही. मांस खाणाऱ्यांसाठी मात्र दोतेयाकी राहायला नको, ही गाय-बैलाच्या स्नायुबंधांची काडी, गोडसर पांढऱ्या मिसोत, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या लगद्यात, तासन् तास शिजवून मऊ झालेली, काउंटरवरच्या सपाट भांड्यात रटरटत असते. तळणाच्या आधी एक खायची.

पोट भरलं की खेळ. १०० येनची नाणी यासाठीच. स्मार्टबॉल म्हणजे पाचिंको या गोळ्यांच्या जपानी जुगारी मशीनचा शांत स्वभावाचा भाऊ. लहानपणी आपल्याकडे खिळे ठोकलेली लाकडी फळी असायची, दांडी मागे ओढून गोळी सोडायची आणि ती आकड्यांच्या घरात पडली की गुण, तेच, फक्त टेबलाएवढं मोठं, वर काच आणि किंचित उतार. युद्धानंतरच्या वर्षांत जपानभर याची दुकानं होती, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक या भागात आहे. नाणं टाकलं की गोळ्या खळाळत काचेवर येतात. दांडी पूर्ण ओढून सोडू नका, सगळे नवखे तसंच करतात. आधी चार-पाच गोळ्या फक्त दांडीचा अंदाज घ्यायला वापरा, कितपत ओढली की गोळी वरच्या कमानीवरून मधल्या खिळ्यांत हळूच उतरते ते बघा, आणि तेवढाच जोर पुन्हा पुन्हा लावत राहा. आकड्याच्या भोकात गोळी गेली की तेवढ्या नव्या गोळ्या धडधडत बाहेर येतात आणि तो आवाज फार सुखाचा आहे. शेवटी उरलेल्या गोळ्यांच्या बदल्यात खाऊ-बिस्किटं, छोटी खेळणी असं काही मिळतं. मी गेलो तेव्हा शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांनी न बोलता माझ्या दांडीवर बोट ठेवून किती ओढायचं ते दाखवलं, आणि पुढच्या तीन गोळ्या भोकात गेल्या. एवढी साधी गोष्ट पण ओसाकाच्या सगळ्या ट्रिपमध्ये तीच सर्वांत जास्त आठवते.

मुलं बरोबर असतील तर शातेकी, बुचाच्या बंदुकीने फळीवरचा खाऊ किंवा खेळणी पाडायची, आपल्या जत्रेत फुगे फोडतात त्याच जातीचं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. आधी खटका ओढायचा आणि मगच बूच नळीत दाबून बसवायचं, उलट केलं तर जोर येत नाही. आणि नेम वस्तूच्या मध्यावर धरू नका, वरच्या कोपऱ्यावर धरा, म्हणजे ती फिरून पडते. मोठं बक्षीस सोडा, छोटा हलका डबा निवडा.

नाटकाची आवड असेल तर इथल्या छोट्या थिएटरांवरही नजर टाका. ताइशू एनगेकी म्हणतात त्याला, फिरत्या मंडळ्या महिना-महिना मुक्काम करतात, पांढरे रंगवलेले चेहरे, तलवारी, नाच, आणि पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका. भाषा कळली नाही तरी अडत नाही. संगीत नाटकं आणि बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही.

दमलात की मिक्स ज्यूस. केळं, डब्यातली फळं, दूध, बर्फ, सगळं मिक्सरमधून, म्हणजे आपल्या शिकरणीचीच शहरातली बहीण. सेन्नारीया हे इथलं जुनं कॉफीचं दुकान या ज्यूसचं जन्मस्थान म्हणून ओळखलं जातं. ज्यूस मिळेल त्या कुठल्याही जुन्या किस्सातेनमध्ये, म्हणजे जुन्या धाटणीच्या कॅफेत, बसलात तरी चालेल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. रेल्वेच्या दक्षिणेकडचा भाग रोजंदारीवर राबणाऱ्या मजुरांचा आहे. आजची ओसाका त्यांच्याच हातांनी बांधली गेली आणि आता त्यातले कित्येक जण म्हातारे, एकटे, काही बेघर आहेत. काही लोक तिकडे "वेगळं जपान" शूट करायला जातात. कृपा करून तसं करू नका. शिनसेकाईतही रस्त्यात बसलेल्या, प्यायलेल्या, झोपलेल्या माणसावर कॅमेरा धरू नका. भाग घाबरण्यासारखा नाही, मी तिथे रात्री एकटा फिरलोय, नेहमीची सावधगिरी पुरते.

मनोऱ्यावर जायची वेळ सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची. पाचव्या मजल्यावर, ८७.५ मीटरवर, बिलिकेन बसलाय, टोकदार डोक्याचा, हसऱ्या चेहऱ्याचा, पाय पुढे पसरलेला. हा मूळचा अमेरिकन, १९०८ मध्ये फ्लॉरेन्स प्रेट्झ या चित्रकार बाईंनी घडवलेला, लूना पार्कमध्ये आला आणि बागेबरोबर हरवला, आत्ताचा तिसरा, २०१२ चा. तळव्यांवर हात घासून इच्छा सांगायची. इतक्या लोकांनी घासून आधीच्या मूर्तीचे तळवे खोलगट झाले होते. वरून उत्तरेकडे बघा, पंख्याच्या काड्यांसारखे फाकलेले रस्ते दिसतात, तोच तो १९१२ मधला पॅरिसचा नकाशा.

खाली उतरेपर्यंत सगळे दिवे लागलेले असतात. आता स्टेशनकडे जायच्या आधी दक्षिणेच्या मुख्य रस्त्यावर, जिथे दुकानांचे अवाढव्य बोर्ड दोन्ही बाजूंनी झुकलेत आणि मधोमध मनोरा उभा दिसतो, तिथे पाच मिनिटं थांबा, फोटो इथलाच चांगला येतो. आणि मनोऱ्याच्या अगदी टोकाचा दिवा बघून घ्या, तो हवामान सांगतो, पांढरा म्हणजे ऊन, नारिंगी म्हणजे ढगाळ, आणि निळा दिसला तर उद्या क्योतोला निघताना छत्री बॅगेत वरच ठेवा.